चौकोनाची किंमत एक पान : 'कमांड्स अँड कलर्स: नेपोलिऑनिक्स'

मी जालन्यात इतिहास शिकवते. असई आमच्याच जिल्ह्यातली. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्यामुळे मुलाने नेपोलियनच्या लढायांचा हा पटावरचा खेळ घरी आणून "आई, तू इंग्रज घे" म्हटलं, तेव्हा मी साफ सांगितलं, असईवाल्याच्या बाजूने मी खेळणार नाही. तेव्हापासून निळे, म्हणजे फ्रेंच, ठोकळे माझे.

रिचर्ड बोर्ग यांचा हा 2010 चा खेळ. खोका उघडला की लगेच लढाई, असं समजू नका. लाकडी ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना स्टिकर चिकटवायचे असतात: निळे फ्रेंच, लाल इंग्रज, तपकिरी पोर्तुगीज. आमच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि एक तोफ अजून तिरकीच आहे. (खोक्याचा कोपरा कुरिअरवाल्याने आधीच चेपून दिला होता, तो राग वेगळा.) लढाया बहुतेक पोर्तुगाल-स्पेनमधल्या, म्हणजे रोलिसा, विमेइरो, बुसाको, सालामांका वगैरे. वॉटर्लूही आहे, पण प्रशियन ठोकळे या खोक्यात नाहीत, त्यामुळे वेलिंग्टनच्या मदतीला येणाऱ्या प्रशियन सेनापती ब्लूशरची वाट बघायची सोय नाही.

पट षटकोनांचा आहे, आणि डावी, मधली, उजवी अशा तीन भागांत वाटलेला. हातात हुकूम लिहिलेली पानं (पत्ते) असतात. एका पानावर "डावीकडच्या तुकड्या हलवा" लिहिलेलं असेल, तर मध्यभागी आग लागली तरी मध्य गप्प. तुकडीत जितके ठोकळे उरलेत तितके फासे टाकायचे, म्हणजे मार खाल्लेली तुकडी मारतेही कमी. फाशावर निशाण पडलं की समोरची तुकडी मागे हटते. पत्ते आणि फासे दोन्ही असल्यामुळे नशीब भरपूर. बुद्धिबळवाल्यांना राग येईल. मला नाही येत, कारण वर्गात मी हेच सांगत असते की सेनापतीचा हुकूम पोहोचायलाही नशीब लागतं.

पण या खेळावर माझा जीव जडला तो एका नियमामुळे. घोडदळ अंगावर आलं की पायदळ चौकोन करू शकतं, चारही बाजूंना संगिनी. मग घोडदळाला फासा एकच मिळतो. छान! पण चौकोन केला की समोरचा खेळाडू तुमच्या हातातलं एक पान न बघता ओढून पालथं ठेवतो, आणि चौकोन मोडेपर्यंत ते परत मिळत नाही. चौकोनातली तुकडी जागची हलत नाही आणि तिलाही फासा एकच. म्हणजे जीव वाचला, पण हुकूम द्यायची ताकद गेली. पाठ्यपुस्तकात "चौकोनी व्यूहामुळे हल्ले परतवले" एवढंच असतं. त्यासाठी काय सोडावं लागतं, ते मला टेबलावर कळलं.

वॉटर्लूला 18 जून 1815 च्या दुपारी फ्रेंच मार्शल ने याने पायदळाच्या पाठबळाशिवाय घोडदळ पुन्हा पुन्हा इंग्रजी चौकोनांवर घातलं. चौकोन फुटले नाहीत. मी अगदी तेच केलं! मुलाने तीन चौकोन केले, माझं घोडदळ एकेका फाशाने डोकं आपटत बसलं. दुसऱ्या डावात मी घोडदळासोबत तोफ पुढे ढकलली, दोघांचे फासे एकत्र टाकले, आणि चौकोन विरघळायला लागले. "आई, हे मार्शल नेला कुणी सांगितलं नाही का?" मुलगा म्हणाला. मी चहा ठेवायला उठले.

एक तक्रार मात्र आहेच. वेलिंग्टनची खरी चलाखी म्हणजे टेकडीच्या पलीकडच्या उतारावर माणसं लपवून ठेवणं. बुसाकोला 27 सप्टेंबर 1810 रोजी फ्रेंच सेनापती मासेनाची फौज चढ चढून वर आली, तेव्हा पलीकडे किती जण उभे आहेत, याचा तिला नीट अंदाज नव्हता. इथे टेकडीमुळे गोळीबार अडतो, ठीक. पण दोन्हीकडे स्टिकर असल्यामुळे मला सगळी लाल रांग दिसतेच. लपवालपवी गेली की अर्धा वेलिंग्टन गेला. असईवाल्याला एवढं झुकतं माप मी एरवी देत नाही, पण खरं ते खरं.

कागदी नकाशावर शेकडो चिठोरे सरकवणाऱ्या, आठवडा खाणाऱ्या खेळांची भीती वाटत असेल, तर सुरुवात इथून करा. एक लढाई साधारण तासाभरात उरकते. मुलगा परत नोकरीच्या गावी गेला की आम्ही व्हॅसलवर खेळतो. फुकट आहे, पण तो नुसता संगणकावरचा पट आहे, समोर माणूस लागतोच. शिवाय तिथे ठोकळा टेबलावर टेकवल्याचा आवाज येत नाही.

सध्या सालामांका मांडून ठेवलंय, तो दिवाळीला येईल तेव्हासाठी. तोवर आम्ही दोघं नवरा-बायको ओट्याशी उभं राहून जेवतो.