हजार वॅटचा जांभळा दिवा आणि आईचं मिरचीचं बी

पावसाळ्यात घरात रोपं वाढवायची म्हणून ग्रो लाइट घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी माझं हे वाचा. गेल्या पावसाळ्यात माझे ₹१४,४०० गेले. पैसे आज ना उद्या भरून निघतील, पण आईनं वर्षानुवर्षं धरलेलं संकेश्वरी मिरचीचं बी त्या दिव्यांखाली गेलं, ते माझ्या जिवाला लागलंय.

मी कोल्हापूरला, कळंब्यात राहते. माहेर गडहिंग्लजकडचं. सात-आठ वर्षं गच्चीवर लवंगी, संकेश्वरी, ढोबळी, वांगी अशी रोपं करते. गणपतीच्या सुमाराला परसबागवाली माणसं रोपं न्यायला येतात. मिरचीला ट्रेमध्ये चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणजे जुलैच्या सुरुवातीलाच रोपांसाठी बी टाकायला हवं. नेमके तेव्हाच आपल्याकडचे पावसाचे दिवस. पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सुकत नाही, रोपं बुडख्यात कुजून आडवी होतात. दर वर्षी जवळजवळ निम्मा माल असा मरून जायचा. म्हणून आतल्या रिकाम्या खोलीत दिव्याखाली रोपं करायचं बरेच दिवस मनात होतं.

उन्हाळ्यात एका कृषी प्रदर्शनात असे दिवे लावलेला स्टॉल दिसला. जांभळ्या उजेडात हिरवीगार रोपं मांडलेली. माणूस बोलायला गोड. म्हणाला, "ताई, हा हजार वॅटचा आहे. ढगाळ हवेत याच्यापुढं उन्हाची गरजच नाही. फक्त चार फुटांच्या खाली आणू नका, पानं भाजतील." एका दिव्याला ₹४,८००. मी तीन घेतले. पावती साध्या पुस्तकावर फाडलेली, तिच्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. यूपीआयचे पैसे दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर गेले. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१०००' छापलेलं होतं. पण कुणी बनवलं, कुणी आयात केलं, छापील किंमत किती, यातलं काही नव्हतं. बंद खोक्यातल्या मालावर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी तेव्हा खोकं उलटून पाहिलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ९८ कप्प्यांचे सहा ट्रे भरले. दोन ट्रेमध्ये आईचं संकेश्वरीचं बी. आठव्या-नवव्या दिवशी सगळीकडं एकसारखी उगवण दिसली आणि मी निर्धास्त झाले. पण मिरचीचं बी उगवायला ऊब आणि ओल लागते, उजेड नाही. दिव्याची परीक्षा खरी त्यानंतर सुरू होते.

जांभळ्या उजेडात रोपाचा खरा रंग कळत नाही. तिथं सगळीच पानं गडद, काळपट दिसतात. मी रोज सकाळी त्या खोलीत उभी राहून समाधानानं बघत होते. विसाव्या दिवशी एक ट्रे उचलून दाराशी आणला आणि हात गळाले. पानं पिवळट. देठ दोऱ्यासारखे, पाण्याचा फवारा मारला तरी मान टाकणारे. टिचभर रोपाला चार-सहा पानं हवीत, तिथं वीतभर काडीच्या टोकाला दोन-तीन बारकी पानं. उजेड कमी पडला की रोप असंच उजेडाच्या शोधात लांबत जातं. मला ते माहीत होतं, पण हजार वॅटच्या दिव्याखाली उजेड कमी पडेल हे डोक्यातच आलं नाही. मी बुरशी शोधत बसले.

त्या स्टॉलवाल्याला फोन केला. आधी म्हणाला, औषध मारा. मग म्हणाला, दिवा २४ तास चालू ठेवा. चौथ्या फोनपासून नंबर बंद.

लाइट बिल आलं. सव्वाशेच्या आसपास युनिट वाढले होते. मला वाटलं, बरं झालं, दिवे वीज कमी खातात. माझा भाचा उद्यमनगरात मशीनशॉपला आहे. तो त्या रविवारी घरी आला होता. बिल बघून तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "मावशी, हजार वॅटचा दिवा तासाला एक युनिट खातो. तुम्ही तीन दिवे पंधरा तास लावताय, म्हणजे दिवसाला पंचेचाळीस युनिट झाली पाहिजेत. महिन्याला साडेतेराशे. हे सव्वाशे कुठलं?"

वॅट म्हणजे दिवा किती वीज ओढतो ते. हजार वॅटचा दिवा शंभर वॅटमध्ये चालूच शकत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

मग भाच्यानं जे करून दाखवलं ते कुणालाही घरी करता येतं, म्हणून सविस्तर सांगते. फ्रीज, इन्व्हर्टर, पंखे, सगळं बंद केलं. फक्त एक जांभळा दिवा चालू. आपल्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकीला एक युनिट होतो तो आकडा मीटरच्या पाटीवरच असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. हजार वॅटचा दिवा असता तर तो मिनिटाला त्रेपन्न वेळा लुकलुकला असता. आम्ही मोबाइलवर मिनिट लावून मोजलं. पाच. पुन्हा मोजलं, पुन्हा पाच. म्हणजे तासाला तीनशे, म्हणजे चौऱ्याण्णव वॅट. दुसऱ्या दिवशी त्यानं शॉपवरून टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, आणला, एक्स्टेन्शनची एक वायर वेगळी काढून लावला. ०.४१ अँपिअर. हिशेब तोच.

मग हजाराचा आकडा आला कुठून? दिव्यात शंभर बारके एलईडी आहेत. प्रत्येक दहा वॅटचा धरायचा आणि गुणाकार छापायचा. प्रत्यक्षात एकेकाला एक वॅटसुद्धा मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. चौऱ्याण्णव वॅटचा दिवा अगदीच निकामी नसतो. तो एका ट्रेवर फूटभर उंचीवर टांगला असता तर कदाचित रोपं बरी झाली असती. पण तो हजाराचा आहे म्हणून मी चार फुटांवर टांगला. उंची दुप्पट केली की तोच उजेड जवळपास चौपट जागेत पसरतो. खोट्या आकड्यानं नुसते पैसे नेले नाहीत, रोपांच्या तोंडचा उजेडही नेला.

भाच्यानं दिव्याची मागची पत्र्याची पेटी उघडली. हिरवी अर्थिंगची वायर प्लगमधून आत आली होती आणि आत तशीच कापून सोडली होती, बॉडीला जोडलेलीच नव्हती. खाली ओले ट्रे, माझे हात ओले, वर पत्र्याची बॉडी. मला दोनदा झिणझिण्या आल्या होत्या, त्या मी दमट हवेवर ढकलल्या होत्या. ज्यांच्या घरी असे दिवे आहेत त्यांनी हे आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. रोपं नंतर.

त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून चार फुटी, २० वॅटच्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या. एका रांगेवर दोन, रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर, रोप वाढेल तशा वर उचलायच्या. पहाटे पाच ते संध्याकाळी सात चालू, रात्री अंधार. पांढऱ्या उजेडात लाल आणि निळा दोन्ही असतात, जांभळ्याची गरजच नाही. शिवाय पान पिवळं पडलं, मावा आला, तर लगेच दिसतं. नव्यानं टाकलेली ढोबळी आणि लवंगी आखूड, जाड देठाची झाली. पण गणपती होऊन गेले होते आणि घेतलेले आगाऊ पैसे मी परत केले. संकेश्वरीच्या १९६ कप्प्यांतली एकतीस रोपं वाचली. त्यातल्या सगळ्यात चांगल्या नऊ झाडांची फळं मी तोडली नाहीत, बियांसाठी पिकवून वाळवली.

तक्रारीचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. मी रोपं विकते, म्हणून मला ग्राहक धरणार नाहीत असं एकानं सांगितलं होतं. पण स्वतःच्या हातानं, पोटापाण्यासाठी चालवलेल्या धंद्याला घेतलेली वस्तू असेल तर कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. माझी अडचण निराळी आहे. नोटीस पाठवायला पत्ताच नाही. हातात आहे ती यूपीआयची नोंद, खोक्याचे फोटो आणि मीटर मोजतानाचा व्हिडिओ. स्टॉल कुणाच्या नावावर होता ते प्रदर्शनाच्या आयोजकांकडं लेखी मागितलंय. पोच घेतलेली आहे. उत्तर अजून आलेलं नाही, येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.