अक्षरफलक, चित्रफलक की टॅबलेट?

पक्षाघातानंतर घरातल्या माणसाला बोलता येईनासे झाले, की नातेवाईक पहिल्या काही दिवसांतच, चित्रावर बोट ठेवले की त्याच्या वतीने बोलणाऱ्या टॅबलेट-संगणकाची चौकशी करू लागतात. त्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारायचे ते हे, की नुसता उच्चार बिघडला आहे की भाषाही गेली आहे. जीभ, ओठ आणि घसा यांच्या स्नायूंवरचा ताबा सुटल्याने बोलणे अस्पष्ट झाले असेल, म्हणजे डिसार्थ्रिया असेल, तर समजणे आणि वाचणे सहसा शाबूत असते. अफेजियात मात्र मनातला शब्दच सापडत नाही आणि बहुतेकांना लिहिणे-वाचणेही जड जाते.

केवळ उच्चार बिघडला असेल, तर मी अक्षरफलकालाच पहिली पसंती देईन. आपली वर्णमाला मुळातच पाच-पाचच्या वर्गांत मांडलेली असल्यामुळे 'क'ची ओळ, 'च'ची ओळ असे क्रमाने विचारत जायचे, रुग्णाने पापणी मिटून होकार दिला की त्या ओळीतली अक्षरे एकेक करून दाखवायची, आणि अशा रीतीने बोटही न हलवता शब्द तयार होतो. काना-मात्रांसाठी अडून बसू नये. 'प' आणि 'ण' कळले की पाणी हवे आहे हे घरच्यांना उमगते. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 मध्ये शस्त्रक्रियेमुळे गेला, तेव्हा तेही सुरुवातीला कार्डावरच्या योग्य अक्षराला भुवई उंचावून शब्द जुळवत असत.

अफेजियात अक्षरांपेक्षा चित्रफलक, आणि त्यातही घरातल्याच वस्तूंची व माणसांची छायाचित्रे, अधिक उपयोगी पडतात. त्याची उणीव अशी, की आपल्याला जे सुचले तेवढेच त्यावर असते. तहान, शौच आणि दुखणे एवढ्यावर फलक संपवू नका. नातवंडांची नावे, 'हे नको' आणि 'मला वेगळे सांगायचे आहे' यांनाही त्यावर जागा द्या.

टॅबलेटचे मोठे बळ म्हणजे तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे शेजारच्या खोलीतही हाक पोहोचते. त्यावर चालणाऱ्या चित्रांच्या अ‍ॅपपैकी आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' मोफत आहे, तर चेन्नईचे 'आवाज' विकत घ्यावे लागते. दोन्हींचा भर मुलांच्या गरजांवर असल्याने ती चित्रे आजोबांना बालिश वाटत नाहीत ना, कमजोर हाताने बटण नेमके दाबले जाते ना आणि मराठी आवाज ऐकू येतो ना, हे त्यांच्याकडूनच वापरवून पाहा. टॅबलेट घेतलात तरी लॅमिनेट केलेला फलक उशाशी आणि रुग्णालयाच्या पिशवीत असू द्या, कारण अतिदक्षता विभागात टॅबलेट जवळ ठेवता येईलच असे नाही.