डीएलसीचे टॅपेट: काही महिने तेलात चालवल्यानंतर

कोटिंगच्या जाहिरातीत घर्षणाचा जो आकडा दिसतो, तो बहुतेकदा कोरड्या चाचणीचा असतो. कोरड्यात पोलादावर पोलाद ०.५ च्याही वर जातं, डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा पातळ थर, साधारण ०.१ ते ०.२ मध्ये राहतं. पण चांगलं तेल घातलं की साधं पोलादही ०.१ च्या आसपास येतं. म्हणून घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: तेलात काय फायदा उरतो?

माझ्या कॅमवर चालणाऱ्या मशिनमध्ये मी चपट्या तोंडाचे तीन टॅपेट (फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर घासत वर-खाली होणारे भाग) शेजारी शेजारी लावले. एक साधा हार्डन केलेला, एक टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, एक डीएलसीचा काळा. तेल तेच, भार तोच.

सोनेरी टॅपेट आजही नवा दिसतो, पण त्याच्यासमोरचा कॅम तिघांत सर्वांत जास्त झिजला. आर्क पद्धतीने, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातूची वाफ करून, चढवलेल्या थरावर धातूचे सूक्ष्म थेंब राहतात. थराची कठीणता सुमारे २३०० विकर्स, कॅमची जेमतेम ७००. मग तो खरखरीतपणा रनिंग-इनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या घासण्यात, बसत नाही, समोरच्याला कानशीसारखा खात राहतो. झीज जोडीची मोजायची असते, कोटिंग केलेल्या एकट्या भागाची नव्हे. ही गोष्ट विक्रेत्यांनी आधी सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

डीएलसीचा थर गुळगुळीत होता. त्याच्यासमोरचा कॅम आरशासारखा चकचकीत झाला, ओरखडा जवळपास नाही. साधा टॅपेटही वाईट नाही; तेलातल्या झेडडीडीपी या झीजरोधक अ‍ॅडिटिव्हने पोलादावर धरलेली संरक्षक फिल्म आपलं काम चोख करते.

नंतर सगळेच टॅपेट डीएलसीचे केले. पूर्ण वेगात मोटरच्या अँपिअरमधला फरक शोधावा लागतो, कारण तिथे बराचसा भार तेलाची फिल्मच उचलते. सुरू होताना, थांबताना आणि संथ वेगात जड भाराखाली मात्र मशिन स्पष्टपणे हलकं चालतं. फिल्म पातळ पडून धातू धातूला भिडतो तिथेच या दोन-तीन मायक्रॉनच्या थराची खरी कमाई आहे. दिवसभर एकाच वेगाने फिरणाऱ्या, तेलात नीट तरंगणाऱ्या बेअरिंगसाठी मी यावर खर्च करणार नाही.

तेलाकडे मात्र डोळसपणे बघा. पोलादाचं घर्षण झकास उतरवणारं एमओडीटीसी हे मॉलिब्डेनमचं अ‍ॅडिटिव्ह हायड्रोजनयुक्त डीएलसी पोलादावर घासत असेल तर त्या डीएलसीचीच झीज वाढवू शकतं. म्हणून ते तेल मी या मशिनपासून लांब ठेवलं.

पुढची ऑर्डर देताना मी तीन गोष्टी लिहून घेणार आहे: कोटिंगआधी आणि नंतर दोन्ही वेळा पॉलिश, खालचं पोलाद पुरेसं कडक, आणि थर चढवतानाचं तापमान पोलादाच्या टेम्परिंगच्या (कडक केल्यावर पुन्हा तापवण्याच्या) तापमानापेक्षा कमी. खालचा धातू दबला तर वरचा थर कितीही कठीण असला तरी तडकून निघतो, आणि त्याचे कण तेलात फिरू लागतात.