व्हीएस कोड आणि फायरफॉक्स: टॅबच्या गर्दीत कोण किती कामाचं

ब्राउझर असो की कोड एडिटर, टॅबची सोय तपासताना एक गोष्ट बघावी: टॅब बिनधास्त बंद करता येतो का? चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्याला ते चाळीसही लागत नसतात. आत्ता बंद केला तर उद्या सापडेल का, ही धास्ती असते. बंद केलेली गोष्ट दोन सेकंदांत परत मिळते अशी खात्री पटली की पट्टी आपोआप मोकळी राहते. या कसोटीवर व्हीएस कोड हा कोड एडिटर फार चांगला आहे, मात्र त्याची मूळ सेटिंग्ज त्याचेच गुण झाकून ठेवतात. फायरफॉक्स हा ब्राउझर बरीच वर्षं मागे होता. २०२५ मध्ये त्याने मोठी मजल मारली, तरी काही जागी तो अजून दगा देतो. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे किमतीचा प्रश्न नाही, प्रश्न सवयीचा आहे.

आधी व्हीएस कोड. डावीकडच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे फाइलींच्या यादीत, फाइलवर एकदा क्लिक केलं की ती उघडते आणि टॅबवरचं नाव तिरक्या अक्षरांत दिसतं. याला प्रीव्ह्यू म्हणतात. दुसऱ्या फाइलवर क्लिक केलं की ती त्याच टॅबमध्ये येते, पहिली जाते. नवख्या माणसाला वाटतं फाइल गायब झाली, मग तो सेटिंग्जमध्ये जाऊन प्रीव्ह्यू बंद करून टाकतो. तसं करू नये. नुसत्या चाळायला उघडलेल्या वीस फाइल एका टॅबमध्ये बसतात त्या याच सोयीमुळे. फाइल ठेवायचीच असेल तर टॅबवर डबल क्लिक करा, किंवा कंट्रोल+के दाबून एंटर मारा. एक अक्षर टाइप केलं तरी ती पक्की होते.

एवढं असूनही गर्दी होते, कारण दोन वाटा उघड्या राहतात. एक, कंट्रोल+पी दाबून, नाव टाइप करून उघडलेली फाइल मूळ सेटिंगनुसार प्रीव्ह्यूत न येता थेट पक्क्या टॅबमध्ये येते. सेटिंग्जच्या शोधपेटीत ‘प्रीव्ह्यू फ्रॉम क्विक ओपन’ शोधून त्यावर खूण केली की ही वाट बंद. दुसरी वाट एफ१२ ची. एखाद्या फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारली की ज्या प्रीव्ह्यूमधून निघालात तो टॅब पक्का होतो आणि नवी फाइल प्रीव्ह्यूत येते. अशा सहा उड्या मारल्या की मागे टॅबची शेपटी तयार. ‘प्रीव्ह्यू फ्रॉम कोड नॅव्हिगेशन’ चालू करा, शेपटी थांबते. मागे जायला विंडोजवर ऑल्ट+डावा बाण आहेच, आणि तो बंद झालेली फाइलसुद्धा पुन्हा उघडून नेमक्या ओळीवर नेऊन ठेवतो.

या एडिटरमधलं सर्वांत उपयोगी सेटिंग मुळात बंद असतं: एडिटर लिमिट. ते चालू केलं की ठरावीक संख्येपलीकडे टॅब साठत नाहीत, सगळ्यांत जास्त वेळ हात न लावलेला टॅब आपोआप मिटतो. मूळ आकडा १० आहे. एका स्क्रीनवर काम करणाऱ्याला ७ किंवा ८ पुरतात. स्क्रीन दोन भागांत विभागून काम करत असाल तर ‘पर एडिटर ग्रुप’ हेही चालू करा, नाहीतर मर्यादा सगळ्या भागांची मिळून मोजली जाते. सेव्ह न केलेली फाइल आणि पिन केलेला, म्हणजे जागेवर टाचून ठेवलेला, टॅब यांना ही कात्री लागत नाही. त्यामुळे दहाच्या दहा फाइल सेव्ह न करता सोडल्या असतील तर अकरावी उघडतेच, मर्यादा चालत नाही असं समजून गोंधळू नये. आकडा ३-४ वर आणला तर मात्र फाइल ताडून बघताना हातातलाच टॅब निसटतो. आणखी एक: हे सेटिंग ‘युजर’ खाली ठेवा. ‘वर्कस्पेस’ खाली ठेवलं तर ते प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहिलं जातं, ती फाइल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेली की तुमची आवड सगळ्या टीमच्या माथी.

पिन करायला कंट्रोल+के, मग शिफ्ट+एंटर. पिन केलेला टॅब कंट्रोल+डब्ल्यूने मिटत नाही, ‘क्लोज अदर्स’मध्येही वाचतो. पिनचा आकार तीन तऱ्हांचा असतो: नॉर्मल, कॉम्पॅक्ट, श्रिंक. कॉम्पॅक्ट दिसायला सुटसुटीत, पण त्यात फक्त आयकॉन उरतो. तीन पायथन फाइल पिन केल्या की तीन एकसारखे अजगर शेजारी शेजारी बसतात आणि कोणता कुठला ते कळत नाही. श्रिंक बरं, नावाची सुरुवात तरी दिसते. पिन केलेल्यांची वेगळी ओळ करायचं सेटिंगही आहे. उंच मॉनिटरवर ठीक, लॅपटॉपवर जागा खातं.

नावांचा घोळ वेबसाइट बनवणाऱ्या जँगो आणि रिअ‍ॅक्टवाल्यांना चांगला ठाऊक आहे. जँगोत प्रत्येक अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये मॉडेल्स, व्ह्यूज, यूआरएल्स याच नावाच्या फाइल. सारख्या नावाच्या दोन उघड्या असतील तर व्हीएस कोड बाजूला फोल्डरचं नाव बारीक अक्षरांत दाखवतो, एकच उघडी असेल तर दाखवत नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘कस्टम लेबल्स’ने हे कायमचं सुटतं. सेटिंग्जमध्ये ‘कस्टम लेबल्स पॅटर्न्स’ शोधा आणि ‘अ‍ॅड आयटेम’ दाबा. डाव्या रकान्यात दोन फुल्या (**), तिरकी रेघ (/) आणि फाइलचं नाव लिहा. उजव्या रकान्यात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंसात डिरनेम, आणि पुढे हवा तो शब्द. हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत. मग टॅबवर नुसतं ‘व्ह्यूज’ न येता ‘बिलिंग व्ह्यूज’, ‘ऑर्डर्स व्ह्यूज’ असं येतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि चुकीच्या फाइलीत कोड लिहिण्याचा धोका बराच कमी होतो.

टॅब कमी ठेवायचे तर फाइल शोधणं चटकन जमलं पाहिजे, आणि कंट्रोल+पी इथे कमाल करतो. नावातली मधली अक्षरं गाळून टाइप केलं तरी चालतं. फाइलच्या नावापुढे विसर्गासारखं कोलन आणि आकडा दिला की त्या ओळीवर, ॲट चिन्ह दिलं की फाइलमधल्या फंक्शनांच्या यादीवर. यादीतल्या नावावर एंटरऐवजी उजवा बाण दाबला तर फाइल मागे उघडते आणि यादी तशीच राहते, एकदम तीन-चार फाइल काढायच्या असतील तेव्हा हे सोयीचं. खटकतं एवढंच: गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) लिहिलेल्या फाइल या शोधात येत नाहीत. पासवर्डसारखी सेटिंग्ज ठेवायची डॉट-एन्व्ह फाइल समोर एक्सप्लोररमध्ये दिसते, पण कंट्रोल+पी म्हणतो नाहीच, ते यामुळे. एकदा हाताने उघडली की अलीकडच्या फाइलींत ती दिसू लागते.

बंद करण्याच्या बाबतीत व्हीएस कोडवर भरवसा ठेवावा. कंट्रोल+के, यू दाबलं की त्या भागातल्या सेव्ह झालेल्या सगळ्या फाइल मिटतात, अर्धवट राहिलेल्या तेवढ्या उरतात. जेवायला उठण्याआधी हे करावं. चुकून मिटलेली कंट्रोल+शिफ्ट+टीने परत येते. एडिटरच बंद केला तरी सेव्ह न केलेला मजकूर पुढच्या वेळी जागेवर असतो. शिवाय दर सेव्हला फाइलची प्रत आपल्याच मशीनवर ठेवली जाते, एक्सप्लोररच्या तळाशी ‘टाइमलाइन’मध्ये ती दिसते. एका फाइलीच्या जास्तीत जास्त ५० प्रती, आणि २५६ केबीपेक्षा मोठी फाइल यात नोंदली जात नाही. तेव्हा डेटाच्या मोठ्या जेसन फाइलींसाठी यावर विसंबू नये. नाव न दिलेल्या टॅबला ‘डोन्ट सेव्ह’ म्हटलं की मात्र तो गेलाच.

लिनक्सवर एक वेगळीच अडचण येते. मोठा प्रोजेक्ट उघडला की फाइलींवर लक्ष ठेवता येत नाही असा इशारा येतो, सोबत एनोस्पीसी (ENOSPC) हा कोड. डिस्क भरली असं समजून लोक फाइल उडवायला लागतात. डिस्कचा संबंध नसतो, लिनक्सने एका युजरला दिलेली आयनोटिफायची (फाइलींतले बदल कळवणाऱ्या सोयीची) मर्यादा संपलेली असते. परिणाम असा की गिट पुल करून टीमचे नवे बदल उतरवून घेतल्यावरही टॅबमध्ये जुनाच मजकूर दिसू शकतो, आणि तोच सेव्ह करायला गेलं की गुंता. आधी ‘वॉचर एक्सक्लूड’ या सेटिंगमध्ये बिल्डचे आणि डेटाचे फोल्डर टाका. तेवढ्याने भागलं नाही तर इटीसीमधल्या सिसकंट्रोल फाइलीत (/etc/sysctl.conf) मॅक्स युजर वॉचेसचा (fs.inotify.max_user_watches) आकडा ५,२४,२८८ करा आणि टर्मिनलमध्ये सुडो सिसकंट्रोल -पी (sudo sysctl -p) चालवा. प्रत्येक वॉच १,०८० बाइट घेतो, म्हणजे सगळे वापरले गेले तर ५४० एमबीच्या आसपास. चार जीबीच्या मशीनवर आकडा कमीच ठेवा.

आता फायरफॉक्स. मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीत उभे टॅब आले आणि मराठी वाचकाला त्याचा फायदा जास्त. आडव्या पट्टीत टॅब आक्रसला की देवनागरी शीर्षकाची चार-पाच अक्षरं उरतात, बातम्यांच्या दहा टॅबवर सगळीकडे ‘महाराष्ट्र…’. उभ्या यादीत निदान अर्धं वाक्य वाचता येतं. सेटिंग्ज, जनरल, ब्राउझर लेआउट, व्हर्टिकल टॅब्स, एवढीच वाट. त्याच वर्षी टॅब ग्रुपही आले: एक टॅब ओढून दुसऱ्यावर सोडा, नाव द्या, रंग द्या. खरी मजा ‘सेव्ह अँड क्लोज ग्रुप’मध्ये आहे. प्राप्तिकराच्या कामाचे बारा टॅब एकत्र मिटवून ठेवायचे आणि पुढच्या आठवड्यात टॅबच्या यादीतून एका क्लिकने परत काढायचे. व्हीएस कोडमध्ये असं नाव दिलेले गट नाहीत, ही त्याची मोठी उणीव.

उघडे टॅब शोधायला ॲड्रेस बारमध्ये टक्क्याचं चिन्ह, मग जागा सोडून शब्द. फुलीचं चिन्ह (*) दिलं तर बुकमार्क, वरच्या टोकाचं चिन्ह (^) दिलं तर हिस्टरी. हे तीन अंगवळणी पडले की पट्टीकडे बघावं लागत नाही. मिटलेले टॅब कंट्रोल+शिफ्ट+टीने परत येतात, मूळ मर्यादा २५.

दगा बसतो तो सेशनच्या, म्हणजे मागच्या वेळी उघडे असलेले टॅब परत आणण्याच्या, बाबतीत. ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स’वर खूण असूनही सकाळी टॅब रिकामे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा दोन विंडो उघड्या असतात, मोठी आधी बंद केलेली असते आणि कोपऱ्यातली छोटी शेवटी. फायरफॉक्स शेवटची तेवढी लक्षात ठेवतो. उपाय: विंडोजवर कंट्रोल+शिफ्ट+क्यूने सगळं एकदम बंद करा. घोळ झालाच तर कंट्रोल+शिफ्ट+एनने मिटलेली विंडो परत येते का बघा. नाही आली तर उगाच फायरफॉक्स उघड-बंद करत बसू नका, दर वेळी जुन्या नोंदीवर नवी नोंद चढते. अबाउट:सपोर्ट पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा, मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि सेशनस्टोअर-बॅकअप्स हा फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. त्यातली प्रीव्हियस (previous) नावाची फाइल घ्या, तिला सेशनस्टोअर (sessionstore) असं नाव द्या, शेवटचं जेसनएलझेड४ (.jsonlz4) तसंच राहू द्या. ती प्रोफाइल फोल्डरमध्ये टाकून फायरफॉक्स सुरू करा. हे काम सामान्य माणसाकडून करून घ्यावं लागतं, यासाठी फायरफॉक्सचे गुण कापायलाच हवेत.

टॅबची झाडासारखी उतरंड हवी असेल, म्हणजे कुठल्या पानावरून कुठलं उघडलं ते दिसायला हवं असेल, तर साइडबेरी किंवा ट्री स्टाइल टॅब हे ॲड-ऑन घ्यावे लागतात. पन्नास टॅबखाली त्याची गरज पडत नाही.

मराठी फाइलनावांवर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये गिट स्टेटस चालवलं की ‘अहवाल’सारख्या नावाऐवजी उलट्या रेघा आणि आकड्यांची माळ दिसते. गिटच्या कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ (core.quotepath) फॉल्स केलं की नाव नीट दिसतं. दुसरी, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ दोन प्रकारे साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कंट्रोल+शिफ्ट+एफचा शोध एकाच प्रकाराचा शब्द पकडतो. भाषांतराच्या फाइलींत एखादा शब्द ‘नाहीच’ असं उत्तर आलं, तर एकदा नुक्त्याचा ऱ टाइप करून पुन्हा शोधा.