महाधमनीला बाहेरून आधार देणारी एक्झोव्हास्क जाळी

टॅल गोल्सवर्दी हे इंग्लंडमधले इंजिनिअर. त्यांना स्वतःला मार्फान सिंड्रोम, म्हणजे शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार. महाधमनीचं बूड, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा सुरुवातीचा भाग, फुगत चाललेलं. झडपेसकट बूड कापून कृत्रिम नळी बसवायची आणि जन्मभर वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घ्यायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी बाहेरून आधार देणाऱ्या जाळीची, म्हणजे आजच्या एक्झोव्हास्कची, कल्पना मांडली आणि २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात सर्जन जॉन पेपर यांनी ती पहिल्यांदा त्यांनाच बसवली.

ही जाळी ठरावीक मापांत मिळत नाही. पेशंटच्या सीटी किंवा एमआरआयवरून त्याच्याच महाधमनीची प्रतिकृती थ्रीडी प्रिंट करतात आणि तिच्यावर पॉलिएस्टरची मऊ जाळी बेततात. छिद्रं साधारण ०.७ मिमीची. सगळी करामत या छिद्रांत आहे. त्यांतून पेशी वाढतात आणि जाळी भिंतीत मुरते. घट्ट विणीचं कापड गुंडाळण्याचे जुने प्रयत्न इथेच फसत: कापड सरकायचं, खालची भिंत झिजायची. जाळी बसवल्यावर साडेचार वर्षांनी दगावलेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात ती भिंतीशी एकजीव झालेली आढळली.

छाती मधोमध उघडावी लागते, पण हृदय थांबवावं लागत नाही आणि हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीनही सहसा लागत नाही. कसोटी लागते ती कोरोनरी धमन्यांपाशी, म्हणजे बुडातून फुटून हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपाशी. बूड त्यांच्याही खाली, हृदयाच्या जोडापर्यंत मोकळं करावं लागतं. सर्जन तिथवर पोचला नाही, तर तेवढा भाग आधाराविना राहतो. कोरोनरीसाठी ठेवलेली भोकं नेमकी बसली नाहीत, तर त्या दाबल्या जातात. हा सर्वांत गंभीर धोका, म्हणून सर्जनने ही जाळी किती जणांना बसवली आहे, हे आधी विचारावंच.

झडप राखून बूड बदलण्याची डेव्हिड शस्त्रक्रियाही वॉरफरिन टाळते, पण तिच्यात हृदय थांबवून कोरोनरी कापून पुन्हा शिवाव्या लागतात. दोन्हींची थेट तुलना करणारी रँडमाइज्ड चाचणी (रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून केलेली) झालेली नाही, त्यामुळे जाळीच श्रेष्ठ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही वॉरफरिन गर्भाला घातक असल्याने, मूल हवं असलेल्या तरुणीसाठी आम्ही जाळीचा पर्याय आवर्जून विचारात घ्यायला सांगू.

वेळ मात्र गाठावी लागते. बूड साधारण ४० ते ५० मिमी असताना आणि झडप नीट मिटत असतानाच जाळीचा खरा उपयोग. भिंतीचे पदर सुटल्यावर ती बसवत नाहीत. खाली पोटाकडे जाणाऱ्या महाधमनीला तिचं संरक्षण नाही, त्यामुळे बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन (महाधमनीवरचा ताण कमी करणारी रक्तदाबाची औषधं) आणि नियमित स्कॅन सुटत नाहीत. स्कॅन शक्यतो त्याच पद्धतीने करा. इकोचं (हृदयाच्या सोनोग्राफीचं) माप मागच्या सीटीशी ताडून पाहिलं, तर दोन-तीन मिमीचा खोटा फरक दिसू शकतो.