आरटीएक्स ३०६० ओव्हरक्लॉक करून आठ महिने: डिसेंबरची थंडी ते नागपूरचा मे

आरटीएक्स ३०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड; माझं १२ जीबीचं, दोन पंख्यांचं. ओव्हरक्लॉक म्हणजे ते नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. १०८०पी मॉनिटरवर गेम आणि रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (चित्र तयार करणं), एवढाच माझा वापर. डिसेंबरात कार्डाचा वेग बदलायचं एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाकलं, कोअरचा (मुख्य चिपचा) वेग +१२० आणि मेमरीचा +८०० मेगाहर्ट्झ केला. सायबरपंक २०७७ या गेममध्ये एकाच चौकात, त्याच सेटिंगवर सेकंदाला ६१ फ्रेम यायच्या, त्या ६५ झाल्या. तापमान ६८ वरून ७२ अंशांवर गेलं. तेव्हा खोलीच २० अंशांची होती, त्यामुळे मी जाम खूश होतो.

हे आकडे सापडायला पंधरा दिवस लागले. कोअर +१५० वर युनिजिन हेवन हा बेंचमार्क (कार्डाची चाचणी घेणारा प्रोग्राम) तासभर बिनतक्रार चाललं आणि गेम मात्र मेनूतच बंद पडला. मेनूत लोड हलका असतो, तेव्हा क्लॉक (चिपचा वेग) अगदी वरच्या टोकाला जातो आणि तिथे व्होल्टेज पुरत नाही. म्हणून फक्त बेंचमार्कवर विसंबू नका, रोजच्या वापरात आठवडा जाऊ द्या. मेमरीची गोष्ट वेगळी. +११०० वर काहीच बंद पडलं नाही, पण रेंडरमध्ये भिंतीच्या सावलीत पांढरे ठिपके उमटले. मी तासभर लाइट आणि सॅम्पल तपासत बसलो. मेमरी परत +८०० वर आणली, तेव्हा ठिपके गेले.

मग उन्हाळा आला. कूलर लावूनही खोली ३५ अंशांच्या खाली येईना आणि कार्ड ८३ वर टेकलं. या कार्डाची नेमून दिलेली तापमान मर्यादाच ती, तिथे पोचलं की ते स्वतःच क्लॉक उतरवतं. म्हणजे थंडीत कमावलेल्या चार फ्रेम गेल्या आणि पंख्यांचा घोंघाट तेवढा उरला. कार्ड काढून पाहिलं तर हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. कूलरच्या दमट हवेत धूळ अशी चिकटते की फुंकरीने हलत नाही, मऊ ब्रशने काढावी लागली. एवढ्यानेच चार अंश उतरले.

खरा फरक पडला तो अंडरव्होल्टने, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवण्याने. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा कर्व्ह (आलेख) उघडला, ९०० मिलिव्होल्टला १८७५ मेगाहर्ट्झ ठेवले आणि पुढची रेघ सपाट केली. मेमरी +८०० तशीच. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने उतरतो, त्यामुळे १७० वॅट खाणारं कार्ड १३० च्या आसपास आलं. भर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, त्याच चौकात ६२ फ्रेम आणि ७२ अंश! रात्रभराचं रेंडरही आता पंख्यांच्या आवाजाने घर न उठवता होतं.

नवं कार्ड घेतलेल्यांना माझं सांगणं: आधी अंडरव्होल्ट करा, मग मेमरी वाढवा, कोअरला शेवटी हात लावा. सेटिंग पक्कं होईपर्यंत विंडोजसोबत आपोआप लागू होण्याचा पर्याय बंदच ठेवा. माझं ओव्हरक्लॉकचं प्रोफाइल अजून सेव्ह आहे, पण एप्रिलनंतर मी ते लावलेलं नाही.