सोफा फोनमध्ये बसला, हॉलमध्ये नाही

फर्निचरच्या एका दुकानाचं एआर ॲप (फोनच्या कॅमेऱ्यातून आपल्याच खोलीत सोफा ठेवून दाखवणारं) आणि त्यांच्याच शोरूममधला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवला की आत वेगळीच खोली दिसते तो), दोन्ही वापरून झालं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाहीये, कारण तिथला मुलगा खरंच चांगला होता, उगाच त्याच्या डोक्याला ताप नको. मी पोटापाण्यासाठी ॲप टेस्टिंगच करते त्यामुळे माझं मत फारसं धरू नका, मला काय, सगळंच जमतं. खरी परीक्षा आईने घेतली. वय 63, व्हॉट्सॲप, यूपीआय, लाइट बिल सगळं स्वतः करते.

आधी ॲप. आमच्या हॉलमध्ये पांढऱ्या चकचकीत टाइल्स आहेत. ॲप उघडलं की "फोन हळूहळू फिरवा" असं इंग्लिशमध्ये येतं आणि बास. आई फिरवतेय, डावीकडे, उजवीकडे, आरती ओवाळल्यासारखा, पाच मिनिटं झाली तरी सोफ्याचा पत्ता नाही. यात तिची चूक शून्य. फोनला जमीन ओळखायची तर कॅमेऱ्यात ठिपके, रेषा, कोपरे असं काहीतरी दिसावं लागतं, सपाट गुळगुळीत पांढऱ्यावर तो पकडणार काय? पण हे ॲप सांगत नाही ना! "सतरंजी टाका" एवढी एक ओळ मराठीत लिहिली असती तरी पुरे होतं. मी शेवटी कालचा पेपर अंथरला आणि दोन सेकंदात सोफा हजर, अगदी सावलीसकट. आई खूश. रंग बदलून बघितले, भोवती फिरून बघितलं, हा भाग खरंच मस्त आहे, त्याला पूर्ण मार्क.

फक्त माप. सोफा 7 फुटांचा, फोनमध्ये भिंतीपाशी वीतभर जागा उरलेली दिसत होती. आईने टेप काढली, भिंत निघाली 7 फूट 3 इंच. म्हणजे वीतभर नाही, जेमतेम तीन इंच! माझ्या फोनला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) नाही, नुसत्या कॅमेऱ्यावर आणि फोनच्या हालचालीवर अंदाज बांधला की इकडेतिकडे होणारच, पण मग स्क्रीनवर तसं लिहा की, लोक यावर पन्नास हजार घालवणारेत.

आता हेडसेट. शोरूममध्ये तुमच्या हॉलचा नकाशा दिला की ते आत सगळं सजवून दाखवतात. आईचा अंबाडा, चष्मा आणि वरून अर्ध्या किलोच्या आसपासचं ते डबडं. पट्टा अंबाड्यावर बसेना, मुलगा बिचारा "काकू, जरा मान सरळ" म्हणतोय. मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिमीच्या आसपास असतं पण प्रत्येकाचं वेगळं, त्यासाठी हेडसेटला सेटिंग असते, ती त्याने हलवलीच नाही, आधीच्या गिऱ्हाइकाचीच होती. मग "ट्रिगर दाबा काकू, तो नाही, तो ग्रिप". आई म्हणते, "अरे पण माझे हात कुठायत?" आत तिला नुसते दोन कंट्रोलर तरंगताना दिसत होते, बटणावर नावं नाहीत, आणि बाहेरचं तर काहीच दिसत नाही.

खरा घोळ पुढे झाला. चालायला जॉयस्टिक. डोळे सांगतात तू पुढे चाललीयेस, कान सांगतो तू खुर्चीत बसलीयेस (तोल आतल्या कानात कळतो), या भांडणातच गरगरतं. यावर साधा उपाय म्हणजे टेलिपोर्ट, जिथे जायचं तिथे बोट दाखवा आणि थेट तिथे पोचा. तो पर्याय होता, पण सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर! चार मिनिटांत आईने हेडसेट काढला, टिकली आत स्पंजला चिकटलेली, आणि लिंबू सरबत मागितलं.

घरी येऊन मी तिला एसयूएसचे (एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली ते मोजायचे) 10 प्रश्न मराठीत विचारले. जॉन ब्रुक यांनी 1986 साली बनवलेली प्रश्नावली आहे, आमच्याकडे रोजची, शंभरपैकी स्कोअर निघतो (टक्के नव्हेत), 68 म्हणजे साधारण सरासरी. ॲपला आईकडून 62.5, हेडसेटला 35. एका माणसाच्या स्कोअरवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण यात गरगरलं का हा प्रश्नच नाही! त्यासाठी 1993 ची वेगळी प्रश्नावली आहे, मूळची सिम्युलेटरवाल्यांसाठी, 16 लक्षणांची, मळमळ, घाम, डोकं जड वगैरे. ती सुरू केली तर आई म्हणाली, "तू डॉक्टर आहेस का? चहा टाक."

ॲप साडेतीन स्टार, पेपर अंथरून वापरा आणि माप टेपनेच घ्या. हेडसेट दीड, तोही त्या मुलासाठी.

सोफा अजून घेतला नाहीये. आईने जुने पेपर चिकटवून सोफ्याच्या मापाचा एक मोठा कागद केलाय आणि तो भिंतीपाशी अंथरलाय, चार दिवस झाले आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालतोय. काल बाबा त्यावरच बसून मॅच बघत होते.